चारशेपुढे सत्त्याहत्तर

१५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने पिनकोड सुरू केला. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी, असा दुर्मीळ संगम त्यांच्यात होता. मुंबईकरांना पत्त्यात आकडा लिहायची सवय त्याआधीपासूनच होती. मुंबई-१ म्हणजे फोर्ट, मुंबई-२८ म्हणजे दादर. नव्या सहा अंकी योजनेत हे जुने आकडे मोडले नाहीत. त्यांच्यापुढे ४०० आले आणि मध्ये लागतील तेवढी शून्ये बसली. फोर्टचे झाले ४००००१, दादरचे ४०००२८. उपनगरांतही तीच रीत: अंधेरी पूर्व ४०००६९, बोरिवली पश्चिम ४०००९२, मुलुंड पश्चिम ४०००८०, घाटकोपर पूर्व ४०००७७.

म्हणजे एका ठरलेल्या मजकुरापुढे एक संख्या जोडायची, एवढेच काम. सी भाषेत नेमके हेच काम करायला बसलेला विद्यार्थी पहिल्याच झटक्यात घाटकोपरचे पत्र हरवतो. '४००' या अक्षरांपुढे तो ७७ ही संख्या 'परसेंट डी'ने छापतो आणि हाती येते ४००७७. पाचच अंक. संख्येला पुढच्या शून्याची किंमत नसते, पत्त्याला असते. उपाय सोपा आहे: 'परसेंट डी'ऐवजी 'परसेंट शून्य तीन डी' लिहायचे, म्हणजे किमान तीन अंक येतात आणि रिकामी जागा शून्यांनी भरते.

एखादा हुशार विद्यार्थी मात्र मूळ संख्याच ०७७ अशी लिहून मोकळा होतो. कंपायलर हूं की चूं करत नाही. निकाल येतो ४०००६३, आणि तो पिनकोड आहे गोरेगाव पूर्वेचा! सीमध्ये शून्याने सुरू होणारा पूर्णांक अष्टमान पद्धतीचा मानला जातो. सात आठे छप्पन अधिक सात, त्रेसष्ट. पवईच्या आयआयटीचे ०७६ असेच बासष्ट होते आणि पत्र गोरेगाव पश्चिमेला जाते. अंधेरीचे ०६९, मुलुंडचे ०८० किंवा बोरिवलीचे ०९२ लिहिले, तर अष्टमानात आठ आणि नऊ हे अंकच नसल्यामुळे कंपायलर तिथल्या तिथे अडवतो. ज्यांच्या क्रमांकात आठ किंवा नऊ नाही, ते बिचारे गुपचूप दुसऱ्या उपनगरात पोहोचतात.

ही गंमत वाटली, तरी अक्षरांना आकडा जोडण्याच्या प्रश्नाचे मूळ तिच्यात आहे. जावास्क्रिप्टमध्ये अक्षरे आणि आकडा यांच्यामध्ये अधिकचे चिन्ह टाकले की दोन्ही निमूटपणे चिकटतात. जावातही तसेच. पायथन अडून बसतो, आधी संख्येची अक्षरे करून द्या म्हणतो. सी यांपैकी काहीच करत नाही. १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ही भाषा घडवली, तेव्हा तिच्यात 'स्ट्रिंग' असा स्वतंत्र प्रकार ठेवलाच नाही. ओळीने मांडलेले बाइट आणि शेवटी शून्य किमतीचा एक बाइट, ही तिथली स्ट्रिंग. तिचे नाव म्हणजे पहिल्या बाइटचा पत्ता. त्यामुळे रोमन लिपीतल्या सात अक्षरी 'अंधेरी'ला ३ मिळवले की 'अंधेरी३' होत नाही. पत्ता तीन घरे पुढे सरकतो, पहिली तीन अक्षरे गळतात आणि पडद्यावर 'हेरी' एवढेच उमटते. ६९ मिळवले तर पत्ता त्या शब्दाच्या कितीतरी पलीकडे जातो आणि तिथे काय असेल याची हमी भाषा देत नाही. कधी कचरा छापला जातो, कधी कार्यक्रम कोसळतो. कधी सगळे ठीक दिसते, आणि तेच सर्वांत वाईट.

दुसरी नेहमीची चूक याहून मजेदार आहे. स्ट्रिंगमधल्या एखाद्या घरात थेट ५ ही संख्या ठेवली, तर पाच हा आकडा दिसत नाही, कारण '५' या अक्षराची आस्की किंमत ५३ आहे. शून्य ते नऊ ही अक्षरे ४८ ते ५७ या घरांत बसतात. म्हणून एका अंकापुरते ४८ मिळवले, किंवा जास्त नीट सांगायचे तर शून्य हे अक्षर मिळवले, की काम होते. न मिळवता ७ ठेवला तर जुन्या टर्मिनलवर घंटी वाजते, कारण आस्कीत ७ हा घंटीचा संकेत आहे. प्रयोगशाळेत अचानक 'टिंग' वाजले की सरांना मागे वळून न बघता कळावे, कोणाचे काय चुकले ते.

मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात सी भाषेचा विषय २०१२च्या अभ्यासक्रमापासून 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग अप्रोच' या नावाने होता. २०१९च्या सुधारित अभ्यासक्रमात त्याचे नाव सरळ 'सी प्रोग्रॅमिंग' झाले. अंधेरीतले सरदार पटेल, पार्ल्यातले द्वारकादास संघवी, विद्याविहारचे सोमय्या, कांदिवलीचे ठाकूर, बोरिवलीचे सेंट फ्रान्सिस अशी अभियांत्रिकी महाविद्यालयांची रांगच उपनगरांत आहे. तिथल्या जर्नलांमध्ये स्ट्रिंगचे वर्षानुवर्षे तेच चार प्रयोग असतात: लांबी मोजा, नक्कल करा, दोन स्ट्रिंग जोडा, तुलना करा. स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडायला स्ट्रकॅट आहे. संख्या जोडायचा प्रयोग फारसा कोणी लावत नाही. पुढे प्रकल्पात फाइलला क्रमांक द्यायची किंवा पावतीवर रक्कम छापायची वेळ येते, तेव्हा विद्यार्थी स्ट्रकॅटच्या दुसऱ्या खिशात संख्या कोंबतो. स्ट्रकॅटला तिथे पत्ता हवा असतो. आलेली ५ ही संख्या तो पत्ता समजतो, स्मृतीच्या पाचव्या घराचे दार ठोठावतो आणि कार्यक्रम आपटतो. जुन्या कंपायलरने इशारा दिलेला असतो, पण इशारे वाचायची सवय कोणाला?

या सवयींचा बराचसा वारसा टर्बो सी या कंपायलरच्या निळ्या पडद्याचा आहे. बोरलँडने १९८७ मध्ये तो आणला. मायदेशी तो कालबाह्य झाल्यावरही भारतातल्या प्रयोगशाळांत तो कितीतरी वर्षे तळ ठोकून होता. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक आणि टर्बो सी या जोडीवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. पुस्तकाने सी सोपे करून सांगितले, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. टर्बो सीमध्ये आयटोए नावाचे फंक्शन होते. संख्या, स्ट्रिंग आणि पाया दिला की संख्येची अक्षरे तयार. मग स्ट्रकॅटने ती जोडून टाकायची. 'संख्या जोडायची कशी?' या प्रश्नाला दोन ओळींचे हे उत्तर तोंडपाठ झाले.

अडचण एवढीच की आयटोए हे प्रमाण सीचा भाग कधीच नव्हते. १९८९च्या आन्सी प्रमाणात ते नाही, त्यानंतरच्या कुठल्याही आवृत्तीत नाही, लिनक्सवरच्या ग्लिबसीमध्येही नाही. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकात ते आहे, पण उदाहरण म्हणून. दहाने भागत बाकी गोळा करायची, अंक उलट क्रमाने येतात म्हणून शेवटी स्ट्रिंग फिरवायची, हे तिथे शिकवले आहे. ते उदाहरण सर्वांत लहान ऋण संख्येला चुकते, हेही लेखकांनी लपवलेले नाही. त्याची दुरुस्ती त्यांनी वाचकाला गृहपाठ म्हणून दिली. कारण साधे आहे: ३२ बिटांच्या पूर्णांकात उणे २१४७४८३६४८ बसतो, पण त्याची धन बाजू बसत नाही, तिथे मर्यादा एकाने कमी आहे. उणे चिन्ह काढून भागाकार करू म्हणणारा कार्यक्रम तिथेच फसतो.

टर्बो सीचा आणखी एक सापळा खास पिनकोडवाल्यांसाठी. तिथे पूर्णांक दोन बाइटांचा, म्हणजे कमाल किंमत ३२७६७. अंधेरी पूर्वेचा ४०००६९ हा पिनकोड त्यात ठेवला की ६५५३६चे सहा गठ्ठे सांडून जातात आणि उरतात ६८५३. त्यापुढे आयटोए निर्दोष चालते आणि ६८५३ची सुबक अक्षरे करून देते.

आता जागेचा मुद्दा, आणि खरा मुद्दा हाच आहे. सीमध्ये जोडणे म्हणजे कोणाच्या तरी घरात लिहिणे. 'अंधेरी' हा शब्द कार्यक्रमात नुसता अवतरणात लिहून पॉइंटरला दिला असेल, तर त्याच्यापुढे जागाच राखलेली नसते. डॉसमध्ये स्मृतीला कुंपण नव्हते, त्यामुळे टर्बो सीत असे लिखाण शेजारच्या डेटावर चढून जायचे आणि बहुतेकदा खपूनही जायचे. तोच कार्यक्रम लिनक्सवर चालवला की 'सेगमेंटेशन फॉल्ट', कारण तिथे असे शब्द वाचण्यापुरत्या राखलेल्या स्मृतीत असतात. टर्बो सी सोडून जीसीसीवर आलेल्या अनेकांना नवा कंपायलर बिघडलेला वाटला तो यामुळे. बिघाड जुनाच होता, तो दिसू लागला एवढेच.

किती जागा हवी, हा हिशेब कठीण नाही. ३२ बिटांच्या पूर्णांकाला दहा अंक, उणे चिन्ह आणि शेवटचा शून्य बाइट धरून १२ घरे. ६४ बिटांना २१. दशांशाचे गणित मात्र अंगावर येते. डबल प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या 'परसेंट एफ'ने छापली, तर दशांश चिन्हाआधीच ३०९ अंक उमटतात. 'आपल्या रकमा कुठे एवढ्या मोठ्या?' म्हणून वीस घरांवर भागवणाऱ्याला एक बिघडलेला आकडा पुरतो.

संख्या जोडायचा सरळ मार्ग स्प्रिंटएफचा. मजकूर, संख्या, शून्यांची भरती, दशांशस्थळे, सगळे एका साच्यात. पण किती घरे आहेत हे त्याला सांगायची सोयच नाही. दिलेल्या पत्त्यापासून तो लिहीत सुटतो. अशा बेफिकिरीची किंमत जगाने २ नोव्हेंबर १९८८ला पाहिली. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा संगणकांत शिरला, त्याची एक वाट 'फिंगर' सेवेतल्या ५१२ बाइटांच्या जागेतून होती. तिथे दोषी गेट्स हे फंक्शन होते, स्प्रिंटएफ नव्हे, पण जात तीच: जागा न विचारता लिहिणारी. गेट्स २०११च्या प्रमाणातून हद्दपार झाले. स्प्रिंटएफ अजून आहे, मात्र ॲपलची साधने २०२२पासून ते वापरणाऱ्याला टोकतात.

स्प्रिंटएफची एक चोरवाटही लोकप्रिय होती. जी स्ट्रिंग वाढवायची, तीच साच्यात पहिली द्यायची आणि निकालही तिच्यातच लिहायचा. वाचायला फार नैसर्गिक वाटते, पुष्कळ ठिकाणी चालायचेही. प्रमाणाने मात्र वाचायची आणि लिहायची जागा एकमेकांवर येऊ देऊ नका, असे बजावले होते. ऑक्टोबर २००८मध्ये उबुंटू ८.१० आले, त्यात कंपायलरच्या सुरक्षा तपासण्या आपोआप चालू होत्या. वर्षानुवर्षे चाललेले असे कार्यक्रम आधीचा मजकूर गिळून फक्त नवा भाग ठेवू लागले. भाषेच्या नियमात नसलेली गोष्ट केवळ चालते म्हणून वापरली की असे होते.

स्ट्रकॅटचा दोष वेगळा, वेळेचा. प्रत्येक जोडणीला तो शेवट शोधायला पहिल्या अक्षरापासून निघतो. बोरिवलीला उभ्या गाडीला आणखी एक डबा जोडायचा, म्हणून दरवेळी चर्चगेटपासून चालत येण्यातला हा प्रकार. दहा आकडे जोडताना कळत नाही, लाखभर जोडताना संगणक गुडघे टेकतो. यावर तोड म्हणजे शेवट कुठे आहे हे स्वतः लक्षात ठेवणे.

ती सोय आणि जागेची मर्यादा, दोन्ही एसएनप्रिंटएफमध्ये मिळतात. हे फंक्शन १९९९च्या प्रमाणात आले. त्याला घरे किती ते सांगावे लागते आणि त्याहून जास्त तो लिहीत नाही. मजकूर मावला नाही तर कापतो, पण शेवटचा शून्य बाइट न चुकता ठेवतो. परत काय देतो, हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित: पूर्ण मजकुराला, शेवटचा शून्य बाइट सोडून, किती घरे लागली असती, तो आकडा. तो आकडा दिलेल्या जागेइतका किंवा जास्त आला, की मजकूर कापला गेला असे समजावे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये बराच काळ याचा एक तोतया भाऊ होता, जो जागा भरली की शेवटचा शून्य बाइट विसरायचा. प्रमाणाप्रमाणे वागणारा खरा एसएनप्रिंटएफ तिथे व्हिज्युअल स्टुडिओ २०१५मध्ये आला.

इथेही पाय घसरायची जागा आहे. एकापुढे एक आकडे जोडताना अनेक जण परत आलेला आकडा सरळ स्थानात मिळवत जातात. एकदा मजकूर कापला गेला की स्थान जागेच्या पुढे निघून जाते. उरलेली जागा काढायच्या वजाबाकीचे उत्तर ऋण यायला हवे, पण तो प्रकार बिनचिन्हाचा असल्यामुळे ते अवाढव्य धन होते. म्हणजे सुरक्षित फंक्शनलाच 'भरपूर जागा आहे' असे सांगितले जाते. लिनक्सच्या गाभ्यात यासाठी खरोखर किती अक्षरे लिहिली तेवढेच सांगणारे एससीएनप्रिंटएफ ठेवले आहे. इतरांनी दर जोडणीनंतर तपासणी करावी. तीन ओळी वाढतात, वाढू द्याव्यात.

अंधेरीच्या सीप्झमधल्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वायटूकेची, म्हणजे २००० सालासाठी तारखा दुरुस्त करण्याची, कामे केली. त्यातला मोठा भाग कोबोलचा आणि दोन अंकी वर्षांचा होता. पण सीची स्वतःची एक वायटूके चूक होती, आणि ती अक्षरांना आकडा जोडण्याचीच. सीच्या वेळ सांगणाऱ्या रचनेत वर्षाचे घर १९०० पासून किती वर्षे झाली ते सांगते. १९९९ साली तिथे ९९ असायचे. कितीतरी कार्यक्रमांनी '१९' ही अक्षरे लिहून पुढे ती संख्या जोडली होती, आणि ते बरोबर दिसायचे. १ जानेवारी २००० उजाडला, घरात १०० आले आणि जगभरच्या पडद्यांवर वर्ष झळकले १९१००. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे, म्हणजे देशाची अधिकृत वेळ राखणाऱ्या संस्थेचे पानही त्यात होते. आधी १९०० मिळवून मग छापले असते तर काही झाले नसते. बेरीज करायची तिथे चिकटवले होते. ज्यांनी वर्षासाठी नेमकी पाच घरे ठेवली होती, त्यांच्याकडे सहावा बाइट शेजाऱ्याच्या घरात गेला तो वेगळाच.

उलट चूकही तितकीच सर्रास होते: जे केवळ नाव आहे, त्याला संख्या समजणे. ८ जून २०१४ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा मार्गाचा क्रमांक कोणी पूर्णांकात ठेवला असता तर चालून गेले असते. एप्रिल २०२२मध्ये दहिसरकडून २अ आणि ७ हे मार्ग सुरू झाले, आणि २अ कुठल्याच पूर्णांकात मावत नाही. गाड्यांच्या पाट्यांचेही तसेच. अंधेरी आरटीओची एमएच ०२, बोरिवलीची एमएच ४७. महाराष्ट्रात दोनच्या आधी शून्य लागते, दिल्लीच्या पाट्यांवर एक अंकी क्रमांक शून्याविना येतो. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नाही, तो पहिल्यापासून स्ट्रिंगमध्येच ठेवावा. पिनकोड, सीट नंबर, मोबाइल नंबर, सगळे याच जातीचे.

मराठीत लिहू म्हटले की हिशेब पुन्हा मांडावा लागतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. डोळ्यांना तीन अक्षरी दिसणाऱ्या 'अंधेरी'त अ, अनुस्वार, ध, एकार, र आणि ईकार अशी सहा चिन्हे आहेत, म्हणून लांबी मोजणारा स्ट्रलेन १८ सांगतो. रोमन लिपीत तोच शब्द सात बाइटांचा. जागा अक्षरे मोजून ठेवली तर इथे पहिल्याच शब्दाला ओसंडते. त्यात एसएनप्रिंटएफने मजकूर कापला तर तो बाइट मोजून कापतो, त्यामुळे चिन्ह मधोमध तुटून शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसू शकते. आकड्यांचे म्हणाल तर 'परसेंट डी' नेहमी इंग्रजी अंकच देतो. देवनागरी अंक हवे असतील तर ४८ मिळवण्याची जुनी युक्ती तीन बाइटांत करावी लागते: पहिला बाइट २२४, दुसरा १६५ आणि तिसरा १६६ अधिक अंक. देवनागरीचे दहाही अंक युनिकोडमध्ये ओळीने बसवले आहेत, म्हणून हे इतके सोपे राहिले. लोकलच्या इंडिकेटरवर मराठी, हिंदी, इंग्रजी आळीपाळीने येतात. तसा फलक सीमध्ये करून पाहावा, एका दुपारी बाइट आणि अक्षर यांतला फरक कायमचा कळतो.

एवढा पसारा पाहून कोणी म्हणेल, मग पायथनच शिकवा. पण कंट्रोलर चिपवर चालणारी मीटर, फलक आणि तिकीटयंत्रे आजही बहुतांशी सीमध्येच लिहिली जातात, आणि तिथे स्मृती किलोबाइटांत मोजतात. शिकवणे बदलायला साधनांची वाण नाही. पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प उबुंटू आणि जीसीसीवर सी शिकवतो, तोही मराठीतून आणि फुकट. जीसीसीच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, स्प्रिंटएफला जागा अपुरी पडण्याची शक्यता दिसली तर कंपायलर स्वतःच इशारा देऊ शकतो. त्यासाठी इशारे चालू करावे लागतात आणि वाचावे लागतात.

उपनगरांतल्या प्राध्यापकांनी पुढच्या सत्रात जर्नलात कुठे आयटोएचा प्रयोग असेल तर तो काढावा. त्याच्या जागी उपनगराचे नाव आणि क्रमांक घेऊन पत्ता तयार करण्याचा प्रयोग लावावा, जागा मुद्दाम दहाच बाइटांची द्यावी, आणि गुण द्यायचे ते परत आलेला आकडा तपासणाऱ्यालाच द्यावेत.